रिजनरेटिव्ह ऑर्थोपेडिक्समध्ये यायचंय? मग या क्रमाने या

रिजनरेटिव्ह ऑर्थोपेडिक्स म्हणजे तुटलेलं हाड किंवा झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) शरीराकडूनच पुन्हा घडवून घेण्याचा प्रयत्न. ‘रिजनरेटिव्ह ऑर्थोपेडिक सर्जन’ अशी स्वतंत्र पदवी बहुतेक देशांत नाही. असते ती ऑर्थोपेडिक्सची पदवी, तिच्यावर एखादी फेलोशिप आणि मग वर्षानुवर्षांचं काम. त्यामुळे दारावरची पाटी कुणीही रंगवून घेऊ शकतं, आणि घेतातही. शनिवार-रविवारचा कोर्स, भिंतीवर सर्टिफिकेट, कोपऱ्यात सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून त्याचे घटक वेगळे करणारं यंत्र), की झाले तज्ज्ञ. हा लेख त्या वाटेने जाणाऱ्यांसाठी नाही. ज्यांना या विषयात दीर्घकाळ टिकायचंय आणि आपल्या पेशंटच्या नजरेला नजर देता यायला हवी असं वाटतं, त्यांच्यासाठी आहे. तुम्ही मेडिकलच्या शेवटच्या वर्षात असा, रेसिडेन्सीत असा किंवा नुकतेच कन्सल्टंट झालेले असा. पायऱ्या त्याच, फक्त तुमची सुरुवात मधल्या पायरीवरून होईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी हाडाचं आणि सांध्याचं यंत्र दुरुस्त करायला शिका, मग पेशींना हात घाला. उलट्या क्रमाने आलेल्यांना इंजेक्शन छान देता येतं; ते कुणाला देऊ नये, तिथे मात्र घोळ होतो.

पायरी १: विषयाचा पसारा पाहून घ्या

बाहेरून बघणाऱ्याला हा विषय म्हणजे स्टेम सेलचं (मूळपेशींचं) इंजेक्शन वाटतो. आत बरंच काही आहे. पेशंटच्याच रक्तातून प्लेटलेट गोळा करून दिलेलं पीआरपी, कमरेच्या हाडातून काढून सेंट्रिफ्यूज केलेला बोन मॅरो (अस्थिमज्जा), प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात बसवलेल्या कूर्चापेशी, हाड तयार करायला लावणारी बीएमपी ही प्रथिनं, पेशींना आधार देणारे स्कॅफोल्ड, दात्याकडून मिळालेलं हाड आणि कूर्चा. हे सगळं एकाच छत्रीखाली येतं, पण प्रत्येकाचा पुरावा वेगळा, धोका वेगळा आणि कायदाही वेगळा.

मुळात हा प्रश्न फार जुना आहे. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं की सांध्याची कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही. कारण आज आपल्याला ठाऊक आहे: कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत आणि पेशीही अगदी मोजक्या. हाडाची गोष्ट उलट. हाड मोडलं तर डाग न ठेवता नव्याने हाडच तयार होतं. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं आणि तिथे, जिथे हाडाचं काहीच काम नाही तिथे, नवीन हाड तयार झालं. बीएमपीचा शोध याच धाग्यावरून पुढे गेला. पुढे १९९४ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या गटाने २३ रुग्णांच्या गुडघ्यात त्यांच्याच वाढवलेल्या कूर्चापेशी बसवल्याचा अहवाल छापला. त्या अहवालाकडे पुन्हा यायचंय, कारण त्यात या करिअरचा खरा धडा आहे.

आणखी दोन तंत्रं आहेत, ज्यांना जाहिरातीत कुणी ‘रिजनरेटिव्ह’ म्हणत नाही. सायबेरियातल्या कुर्गान इथे गव्रील इलिझारोव्ह यांनी दाखवलं की हाड कापून, पाच-सात दिवस थांबून, मग रोज एक मिलिमीटर या गतीने, तेही दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर असं ताणलं, तर मधल्या फटीत नवं हाड भरत जातं. दुसरं फ्रान्सच्या अलाँ मॅस्केले यांचं. हाडाचा मोठा तुकडा गेलेल्या जागी सिमेंटचा गोळा ठेवायचा, सहा ते आठ आठवड्यांत त्याच्याभोवती शरीर स्वतःच एक जिवंत पडदा तयार करतं. मग सिमेंट काढून त्या पडद्याच्या पिशवीत हाडाची कलम भरायची. बाटली नाही, ब्रँड नाही. तरीही शरीराकडून नवी ऊती घडवून घेण्याचे याहून खणखणीत नमुने आजही फारसे नाहीत. नवख्याने पेशींच्या आधी ही दोन तंत्रं उभी राहून पाहावीत, असा माझा आग्रह असतो.

पायरी २: आधी पूर्ण सर्जन व्हा

मेडिकलची पदवी, त्यानंतर देशानुसार तीन ते सहा वर्षांची ऑर्थो रेसिडेन्सी. इथे शॉर्टकट शोधू नका. रेसिडेन्सीत असताना ‘मला पुढे स्टेम सेलमध्येच जायचंय, मग ट्रॉमाच्या रात्रपाळ्या कशाला’ असं वाटणं साहजिक आहे. पण न जुळणारं हाड का जुळत नाही, हे रात्री दोन वाजता उघड्या फ्रॅक्चरवर काम करतानाच अंगात भिनतं. रक्तपुरवठा गेलाय का, जंतुसंसर्ग आहे का, प्लेट ढिली आहे की नको इतकी ताठ आहे, पेशंट सिगारेट ओढतो का, साखर वाढलेली आहे का. या पाच प्रश्नांची उत्तरं न शोधता बोन मॅरो टोचणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतणं.

जियानूडिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हाड जुळण्यासाठी ‘डायमंड कन्सेप्ट’ मांडली. तिचे चार कोपरे: हाड तयार करणाऱ्या पेशी, त्यांना चढायला आधार, वाढीचे संदेश देणारे घटक आणि यांत्रिक स्थैर्य. चौथा कोपरा पूर्णपणे सर्जनच्या हातात आहे आणि गंमत म्हणजे परिषदांमध्ये सगळ्यात कमी वेळ त्यालाच मिळतो.

आता त्या स्वीडिश अहवालाकडे. २३ पैकी १६ जणांच्या मांडीच्या हाडाच्या टोकावर पेशी बसवल्या होत्या. त्यातल्या १४ जणांचा निकाल चांगला ते उत्तम. उरलेल्या ७ जणांची गुडघ्याची वाटी होती. तिथे फक्त दोघांचा चांगला. पेशी त्याच, प्रयोगशाळा तीच, हातही तेच. फरक यंत्राचा होता. वाटी खाचेतून नीट सरकत नसेल तर नवी कूर्चा रोज घासली जाणार. पुढे त्याच गटाने वाटीचा मार्ग आधी दुरुस्त करायला सुरुवात केली आणि निकाल सुधारले. तीच गोष्ट वाकड्या पायाची. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला असेल आणि आतल्या बाजूची कूर्चा झिजलेली असेल, तर ऑस्टिऑटॉमी करून, म्हणजे हाड कापून पाय सरळ करून, वजनाची रेषा सरकवल्याशिवाय आतल्या बाजूला काहीही लावण्यात अर्थ नाही. पूर्ण पायाचा उभ्याने काढलेला एक्स-रे न पाहता कूर्चेचं ऑपरेशन ठरवणाऱ्या सीनियरकडे फेलोशिप करू नका.

रेसिडेन्सी संपेपर्यंत या गोष्टींवर हात बसलेला असावा: गुडघ्याची आणि खांद्याची आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन), गुडघ्याभोवतीच्या ऑस्टिऑटॉमी, हाडाची कलम घेणं, एक्सटर्नल फिक्सेटर (हाड बाहेरून धरून ठेवणारी चौकट) आणि खुब्याची कोअर डीकंप्रेशन (गोळ्यात भोक पाडून आतला दाब कमी करणं). खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असताना गोळा खचण्याच्या आधी पकडणं हे या क्षेत्रातल्या सगळ्यात समाधानाच्या कामांपैकी एक आहे. खचल्यानंतर मात्र पेशींनी गोळा पुन्हा गोल होत नाही.

पायरी ३: जीवशास्त्र तोंडपाठ नको, हाताखालून जायला हवं

इथे बहुतेक सर्जन कच्चे असतात. आपल्याला ड्रिल कळतं, पिपेट कळत नाही. शक्य असेल तर रेसिडेन्सीच्या मध्ये किंवा लगेच नंतर सहा महिने ते वर्षभर प्रयोगशाळेत घालवा. पीएचडीच हवी असं नाही. पेशी कशा वाढवतात, त्या मरतात कशा, दूषित कशा होतात, फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीचा) आलेख कसा वाचतात, एवढं स्वतः केलं तरी कंपनीचा प्रतिनिधी समोर बसून ‘आमच्या किटमध्ये इतके कोटी स्टेम सेल’ म्हणायला लागला की तुम्हाला नेमका प्रश्न विचारता येईल.

कोणता प्रश्न? तर हा. आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संघटनेने २००६ मध्ये मेसेन्कायमल पेशी (किटवाले ज्यांना ‘स्टेम सेल’ म्हणतात त्या) कुणाला म्हणावं याचे निकष ठरवले: प्लास्टिकला चिकटून वाढणं, सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा असणं, सीडी४५ आणि सीडी३४ सारख्या रक्तपेशींच्या खुणा नसणं, आणि प्रयोगशाळेत हाड, कूर्चा व चरबी या तिन्हींकडे वळता येणं. कमरेच्या हाडातून काढलेल्या मॅरोमधल्या केंद्रक असलेल्या पेशींत असल्या पेशी साधारण ०.००१ ते ०.०१ टक्के असतात. म्हणजे दहा हजारांत जास्तीत जास्त एक. मग किटमधून निघालेल्या ‘कोट्यवधी’ पेशी म्हणजे बहुतांश साध्या रक्तपेशी. मोजलं काय आणि छापलं काय, हे विचारा.

दुसरी गोष्ट, या पेशी सांध्यात जाऊन कूर्चा होतात ही कल्पना आता बरीच मागे पडली आहे. अर्नल्ड कॅप्लन यांनीच १९९१ मध्ये मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं आणि २०१७ मध्ये त्यांनीच हे नाव बदला असं लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की या पेशी मुख्यतः आजूबाजूला रासायनिक संदेश सोडतात, दाह कमी करतात; स्वतः विटा होऊन भिंतीत बसत नाहीत. हे समजलं की पेशंटला काय सांगायचं आणि एमआरआयवर काय शोधायचं, दोन्ही बदलतं.

प्रयोगशाळेत जीव रमला तर तिथेच राहायलाही हरकत नाही. शिन्या यामानाका यांनी ऑर्थोपेडिक सर्जरीचं प्रशिक्षण घेतलं होतं. ते संशोधनाकडे वळले, २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या पेशींना मूळपेशींच्या अवस्थेत परत नेलं आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सगळ्यांचं असं होत नाही, हे सांगायला नकोच.

पायरी ४: हातावर बसवायची कामं

अल्ट्रासाऊंड शिका. अंदाजाने दिलेलं इंजेक्शन सांध्याच्या बाहेर जाणं फार सोपं असतं आणि कंडऱ्याच्या बाबतीत तर फाटलेली जागा दिसल्याशिवाय सुई घालण्यात मतलब नाही. पीआरपी करताना पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, प्लेटलेट मूळ रक्ताच्या किती पट झाले, हे प्रत्येक वेळी नोंदवा. दोन वेगळ्या किटमधून निघालेलं पीआरपी म्हणजे दोन वेगळी औषधं असू शकतात. दाहशामक गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवतात, कारण त्या प्लेटलेटचं काम अडवतात. आणि पीआरपीबरोबर सांध्यात भूल मिसळायचा मोह टाळा. बुपिव्हाकेन कूर्चापेशींना घातक आहे, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलंय.

बोन मॅरो काढण्यावर जरा रेंगाळतो, कारण सगळ्यांना हे किरकोळ काम वाटतं आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं.

पेशंटला पालथं झोपवा. कमरेमागे, ढुंगणाच्या वरच्या अंगाला, त्वचेखाली इलियाक क्रेस्टचा (कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेचा) मागचा उंचवटा बोटाला लागतो. जाड पेशंटमध्ये तो शोधायला वेळ लागतो, तर तो द्या. गरज पडली तर अल्ट्रासाऊंड किंवा सी-आर्म (काम चालू असताना चित्र दाखवणारा एक्स-रे) लावा. भूल फक्त कातडीला देऊन थांबू नका. हाडाच्या आवरणाला नीट भूल मिळाली नाही तर पेशंट पुढच्या वेळी येणार नाही आणि दहा जणांना सांगेल. जमशिदी सुई (मॅरो काढायची जाड, पोकळ सुई) हाडाला टेकली की हलक्या हाताने फिरवत दाब द्या. वरचं कठीण हाड ओलांडताच एकदम सैल लागतं. तिथे थांबा. सुईची दिशा हाडाच्या दोन पापुद्र्यांच्या मधोमध हवी. खाली घसरली तर सायटिक नॉचजवळची (कमरेच्या हाडाच्या खालच्या खाचेजवळची) ग्लूटियल धमनी फार दूर नसते.

मॅरो ओढताना पेशंटला भूल असूनही एक खोल, ओढल्यासारखी कळ येते. ती येणार हे आधीच सांगून ठेवा. सिरिंज छोटी घ्या, दहा मिलिलिटरची, हेपरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) धुतलेली. एका जागेवरून एक-दोन मिलिलिटर, झटका देऊन. मग सुई थोडी फिरवा, थोडी आत-बाहेर करा, पुन्हा एक-दोन. मुश्लर यांनी १९९७ मध्ये दाखवलं की एका ठिकाणाहून जास्त ओढलं की पुढे येतं ते बहुतांश साधं रक्त. मोठी सिरिंज लावून एकाच भोकातून साठ मिलिलिटर खेचणारे पाच मिनिटांत मोकळे होतात, पण हाती आलेला माल पातळ असतो आणि त्यानंतर सेंट्रिफ्यूज कितीही महागडं असलं तरी जे मुळात आलंच नाही ते वाढत नाही. मला विचाराल तर या कामाला वीस मिनिटं लागली तर लागू द्या.

हे फक्त नीटनेटकेपणासाठी नाही. फ्रान्सच्या फिलिप हर्निगू यांनी २००५ मध्ये नडगीच्या न जुळलेल्या ६० हाडांमध्ये मॅरो घट्ट करून टोचल्याचा अहवाल दिला. ५३ जुळली. जी ७ जुळली नाहीत, त्यांना मिळालेल्या मॅरोत मूळपेशींची संख्या लक्षणीय कमी होती. म्हणजे काढण्याचं काम कसं झालं यावर पुढचं सगळं अवलंबून.

कूर्चापेशींचं ऑपरेशन दोन टप्प्यांचं. पहिल्यांदा आर्थ्रोस्कोपीतून वजन न येणाऱ्या जागेवरून दोन-तीनशे मिलिग्रॅम कूर्चा घ्यायची, ती प्रयोगशाळेत काही आठवडे वाढते, मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये बसवायची. हल्ली डुकराच्या कोलॅजनच्या पडद्यावर पेरलेल्या पेशी येतात; अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. फिजिओथेरपिस्टशी मैत्री करा. सहा-आठ आठवडे अर्धवट वजन, खेळायला परतायला वर्षभर किंवा त्याहून जास्त. घाई केलेला पेशंट तुमचं सुंदर काम दोन महिन्यांत उखडून ठेवतो.

पायरी ५: पेपर वाचा, आणि न आवडणारे आधी

या क्षेत्रात उत्साह फार आणि तुलना कमी. ‘आमचे ८० टक्के पेशंट बरे झाले’ हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न: कशाच्या तुलनेत? झिजलेल्या गुडघ्याला सलाईन टोचलं तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं. ऑस्ट्रेलियातली रिस्टोअर चाचणी २०२१ मध्ये छापून आली. सौम्य ते मध्यम झिजेच्या २८८ जणांना आठवड्याला एक अशी पीआरपीची किंवा सलाईनची तीन इंजेक्शनं दिली. वर्षाने दुखणं दोन्ही गटांत कमी झालेलं. दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही. कूर्चेच्या घनफळातही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत जवळपास पावणेपाचशे जणांचा अभ्यास झाला: बोन मॅरो, चरबीतल्या पेशी आणि नाळेतल्या पेशी यांची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी. वर्षाअखेर कुठलाच पेशी-उपचार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

हे वाचून काही जण विषयच सोडून देतात, काही पेपरच सोडून देतात. दोन्ही चूक. एका किटचं पीआरपी एका आजारात चाललं नाही, यावरून टेनिस एल्बोबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि हर्निगूंचं हाडाचं काम चाललं यावरून झिजलेल्या गुडघ्याबद्दलही नाही. कोणता पदार्थ, कोणत्या जागी, कोणत्या टप्प्यावर, हे तिन्ही सुटे करून वाचायची सवय लावा.

बीएमपी-२ ची कहाणी तर प्रत्येक नवख्याने मुळातून वाचावी. मणक्याच्या एका ऑपरेशनसाठी अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. वापर मान्यतेच्या पलीकडे भराभर पसरला. २००८ मध्ये मानेत वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज येऊ शकते असा इशारा औषध प्रशासनाला द्यावा लागला. २०११ मध्ये एका नामांकित मणक्याच्या जर्नलने मोठा भाग यालाच वाहिला आणि दाखवलं की कंपनीच्या पैशावर झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत दुष्परिणाम जवळजवळ नोंदलेच गेले नव्हते. पदार्थ खोटा नव्हता, हाड खरंच तयार होत होतं. कधी कधी नको तिथेही.

पायरी ६: कायदा

वकील व्हायचं नाही, पण एक रेषा ओळखता यायला हवी. अमेरिकेत दोन कसोट्या चालतात: ऊतीवर किमान प्रक्रिया झाली आहे का आणि ती शरीरात मूळचंच काम करणार आहे का. दोन्हींत बसलं तर नियम सौम्य. पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या की ते औषध, मग औषधाच्या सगळ्या चाचण्या आल्या. २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने वाढवलेल्या मॅरोपेशींबाबत हेच शिक्कामोर्तब केलं. युरोपात अशा उत्पादनांसाठी २००७ चा वेगळा नियम आहे, जपानने २०१४ पासून स्वतंत्र कायदा लागू केला, भारतात वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तुम्ही जिथे काम कराल तिथला मूळ मजकूर स्वतः वाचा. विक्रेत्याने काढून दिलेला सारांश नव्हे.

नियम कशासाठी, याला उत्तर २०१८ मध्ये मिळालं. अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या बाटल्या टोचल्यानंतर १२ जण जंतुसंसर्गाने रुग्णालयात दाखल झाले. सांध्यात, मणक्याजवळ दिलेली इंजेक्शनं. बरं व्हायला गेलेली माणसं सेप्टिक सांधा घेऊन परतली.

पायरी ७: समोरच्या पेशंटशी बोलणं

साठी ओलांडलेल्या बाई, दोन्ही गुडघ्यांत हाडाला हाड लागलेलं, सोबत मुलगा. मुलाने सगळं वाचून आणलेलं असतं.

‘‘डॉक्टर, आईला ऑपरेशन नकोय. स्टेम सेलने कूर्चा परत येते ना?’’

‘‘एवढ्या झिजेत नाही येत. हा एक्स-रे बघा, इथे फटच उरलेली नाही.’’

‘‘पण दुसरीकडे म्हणाले, चार इंजेक्शनं घ्या, ऐंशी टक्के गॅरंटी.’’

‘‘गॅरंटी कसली ते त्यांना लिहून मागा. दुखणं काही महिने कमी होईल, हे शक्य आहे. तेवढं तर साध्या इंजेक्शननेही होऊ शकतं. कूर्चा भरून येईल असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. आई, तुम्हाला सगळ्यात जास्त अडतं कशाला? जिने? की रात्रीची झोप?’’

शेवटचा प्रश्न बाईंना विचारायचा, मुलाला नाही. बहुतेक वेळा उत्तर ‘जिने’ असतं आणि मग बोलणं व्यायाम, वजन, काठी, आणि खरंच गरज असेल तर सांधा बदलण्याकडे वळतं. यात तुमचं एक इंजेक्शन बुडतं. ते बुडू द्या. सहा महिन्यांनी ह्याच बाई शेजारच्या तरुण मुलाला घेऊन येतील, ज्याला फुटबॉल खेळताना कूर्चेला तीन चौरस सेंटिमीटरचा खड्डा पडलाय आणि ज्याच्यासाठी तुमचं शिक्षण खरोखर कामाचं आहे. संमतीपत्रात ‘प्रायोगिक’ हा शब्द स्पष्ट लिहा, आणि उपचार प्रायोगिक असेल तर त्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे का, हे आपल्या एथिक्स कमिटीला विचारा. आपल्या खिशाला विचारू नका.

पायरी ८: स्वतःचा छोटा प्रश्न धरा

पहिल्याच वर्षी यादृच्छिक चाचणी (चिठ्ठी टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडून केलेली) करायला जाऊ नका. एक रजिस्टर सुरू करा. प्रत्येक पेशंटचं निदान, एक्स-रेची श्रेणी, पायाची रेषा, काय दिलं, त्यात किती पेशी किंवा प्लेटलेट होते, आणि केओओएससारखी (गुडघ्याचं दुखणं आणि हालचाल विचारणारी) प्रश्नावली आधी, सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी. २०१७ मध्ये ऑर्थोपेडिक बायोलॉजिक्सच्या (पीआरपी, पेशी अशा जैविक उपचारांच्या) अभ्यासात कमीत कमी काय नोंदवावं याची मिबो नावाची यादी प्रसिद्ध झाली आहे; तीच समोर ठेवून फॉर्म बनवा म्हणजे पुढे ‘हे विचारायचं राहिलंच’ असं होणार नाही. एमआरआयसाठी मोकार्ट गुणांकन (दुरुस्त केलेली कूर्चा कितपत भरली याचे गुण) वापरा, आणि गुण देणाऱ्याला कुठला पेशंट कुठल्या गटातला हे कळू देऊ नका. पुढे चाचणीपर्यंत पोचलात तर पहिला पेशंट घेण्यापूर्वी ती सार्वजनिक नोंदणीत टाका. आंतरराष्ट्रीय कूर्चा संस्था आयसीआरएस किंवा ऑर्थोपेडिक रिसर्च सोसायटी यांच्या सभांना जा. भाषणांपेक्षा पोस्टरजवळ उभे राहा, तिथे माणसं फसलेल्या प्रयोगांबद्दल मोकळेपणाने बोलतात.

पायरी ९: नोकरी निवडताना

वाटा साधारण चार. मोठ्या रुग्णालयात सर्जन राहून आठवड्यातला एखादा दिवस बायोलॉजिक्सला. विद्यापीठात सर्जन-संशोधक, ज्यात अनुदानाचे अर्ज लिहिण्यात अर्धं आयुष्य जातं. पेशी किंवा स्कॅफोल्ड बनवणाऱ्या कंपनीत क्लिनिकल बाजू सांभाळणं. आणि औषध प्रशासनात तपासनीसाच्या खुर्चीत बसणं. चौथीकडे तरुण बघतही नाहीत, खरं तर तिथे ऑर्थो कळणाऱ्या माणसांची चणचण आहे. नवख्याला मी पहिलीच सुचवेन. तुमचं घर फ्रॅक्चर आणि सांधे बदलण्यावर चालत असलं की बायोलॉजिक्समध्ये ‘नाही’ म्हणणं परवडतं. केवळ इंजेक्शनांवर चालणाऱ्या क्लिनिकमध्ये ते फार काळ परवडत नाही, माणूस कितीही सरळ असला तरी.

तशा क्लिनिकची ऑफर आलीच तर सही करण्याआधी एक दिवस तिथे बसून या. आलेल्यांपैकी किती जणांना इंजेक्शनशिवाय परत पाठवलं ते मोजा. पेशींची मोजणी कोण करतं आणि तिचा कागद फाइलमध्ये लागतो का, ते पाहा. जंतुसंसर्ग झाला तर पेशंट कोणत्या रुग्णालयात जाणार, तिथे ऑपरेशन तुम्ही करणार की अनोळखी सर्जन, ते विचारा. तुमचा पगार इंजेक्शनांच्या संख्येशी बांधलेला आहे का, ते करारात शोधा. आणि रिसेप्शनवरच्या मुलीला सहज विचारा की वर्षभरापूर्वी आलेल्या पेशंटना फोन कोण करतं. ती मॅनेजरकडे बघायला लागली, तर चहा संपवून उठा.